जर्मनीचा वर्क व्हिसा नाकारला, त्यानंतरचे साडेतीन महिने

गेल्या वर्षी माझा जर्मनीचा वर्क व्हिसा नाकारला गेला. त्या रात्री मी मोबाइलवर मराठीत शोधत बसले होते, असं झालेल्या कुणी पुढे काय केलं हे कुठे लिहिलंय का. व्हिसा मिळालेल्यांचे अनुभव ढीगभर सापडले, नकार मिळालेल्यांचे जवळजवळ नाहीत. म्हणून हे तारखा आणि पैशांसकट लिहितेय. मी वकील नाही, माझ्या बाबतीत घडलं तेवढंच सांगते. इथले आकडे दर वर्षी बदलतात, तेव्हा तुमच्या वेळी ते पुन्हा बघून घ्या.

मी मूळची कराडची. मेकॅनिकलमध्ये बीई, त्यानंतर नऊ वर्षं चाकणला एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात. नोकरी सांभाळून पुण्यात जर्मनचे वर्ग केले, बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत. २४ एप्रिल २०२५ ला श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीचा करार मेलवर आला. एका कुटुंबाची, सुटे भाग बनवणारी लहानशी कंपनी. भारतातून माणूस घ्यायची त्यांची पहिलीच वेळ होती. तेव्हा मला त्याचं अप्रूप वाटलं. आता कुणी विचारलं तर सांगते, कंपनीची पहिली वेळ असेल तर तिचे कागद तुम्ही दुप्पट लक्ष देऊन वाचा.

मी ब्लू कार्डसाठी, म्हणजे पदवीधरांना नोकरीसाठी मिळणाऱ्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, अर्ज करायचं ठरवलं, कारण त्यावर कायम वास्तव्याचा परवाना लवकर मिळू शकतो: २७ महिन्यांत, आणि बी-वन जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत. त्यासाठी मान्य पदवी लागते, पदवीला साजेसं काम लागतं आणि ठरावीक पगार लागतो. २०२५ साठी पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती. ज्या पेशांत तिकडे माणसांची टंचाई आहे त्यांना सवलत आहे, इंजिनिअर त्यात येतात. त्यांच्यासाठी आकडा ४३,७५९.८० युरो. मात्र ही सवलत घेतली की जर्मनीच्या केंद्रीय रोजगार कार्यालयाची संमती लागते. माझ्या करारात वर्षाचे ४४,४६० युरो होते. म्हणजे अटीपेक्षा सातशे युरो जास्त. मी निश्चिंत झाले.

मे महिना कागद जमवण्यात गेला. पदवीची मान्यता ‘अनाबिन’ नावाच्या त्यांच्या सरकारी डेटाबेसवर बघता येते. तिथे विद्यापीठापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, असावं लागतं आणि तुमच्या पदवीपुढे ती जर्मन पदवीच्या तोडीची असल्याचा शेरा. माझी दोन्ही सापडली, दोन्ही पानांची प्रिंट काढून जोडली. ज्यांची पदवी तिथे सापडत नाही त्यांना बॉनच्या कार्यालयाकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं, त्याची फी २०८ युरो. तो वेळ आधीच धरून चाला.

बाकीचे कागद नेहमीचे: पासपोर्ट, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, गुणपत्रिका, बायोडाटा, पोहोचल्यापासून नोकरी सुरू होईपर्यंतचा आरोग्य विमा. आणि एक फॉर्म कंपनीने भरून पाठवायचा असतो. पद कोणतं, काम काय, आठवड्याचे तास किती, पगार किती, सुट्ट्या किती, असा सगळा नोकरीचा तपशील त्यात असतो. तो पीडीएफ आला, खाली सही-शिक्का आहे एवढं मी बघितलं आणि अपलोड करून टाकला. पुढचे सगळे महिने या एका कागदापायी गेले.

१९ मेला ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरला. २ जूनला एक गुणपत्रिका नीट स्कॅन करून मागितली, ती दिली. मूळ कागद आणि बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळाली ९ जुलै. मुंबईला गेले, ७५ युरोची फी रुपयांत भरली, तेव्हा ती साडेसात हजारांच्या आसपास होती. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. ही फी नकार आला तर परत मिळत नाही.

माझी मोठी चूक याआधीच झाली होती. नोटीस पीरियड तीन महिन्यांचा आणि जर्मनीत रुजू व्हायची तारीख १ ऑक्टोबर. हिशेब जुळवण्यासाठी मी ३० जूनला राजीनामा दिला होता. विमानाचं तिकीटही काढलं. कुणी म्हणेल, ब्लू कार्डला कोण नाही म्हणतंय. मलाही तसंच वाटलं होतं.

जुलै गेला, ऑगस्ट निम्मा सरला. अर्जाची स्थिती ‘प्रक्रियेत’ यापलीकडे हलेना. १३ ऑगस्टला कंपनीला मेल केला तर आपोआप उत्तर आलं: ४ ते २२ ऑगस्ट वार्षिक सुट्टी, कंपनी बंद. तिकडच्या कारखान्यांत ऑगस्टमध्ये अशी तीन तीन आठवडे सुट्टी घ्यायची पद्धत आहे. मी मनात म्हटलं, ठीक आहे, माझा अर्ज काही त्यांच्या टेबलावर नाही.

गणपतीला कराडला गेले. जायच्या आधीचे शेवटचे गणपती म्हणून आईने सगळ्या मावश्यांना बोलावलं होतं. स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवून आम्ही गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ पाव पाव किलोच्या पिशव्यांत भरलं. प्रत्येक पिशवीवर आईने स्केचपेनने नाव लिहिलं. गौरी जेवल्या त्या दिवशी सगळ्यांच्या पाया पडून झालं, ओटी भरून झाली.

११ सप्टेंबरला गुरुवारी मुंबईहून पासपोर्ट घेतला. पासपोर्टसोबत दोन पानी पत्र होतं. व्हिसा असता तर पत्र कशाला, हे कळत होतं, तरी मी आधी पासपोर्टचं प्रत्येक पान उलटून बघितलं. व्हिसा नव्हता, कसला शिक्काही नव्हता. पत्र उघडलं. पहिल्याच परिच्छेदात शब्द होता ‘आबगेलेन्ट’, म्हणजे नाकारलं. जर्मनच्या वर्गात हे क्रियापद आमंत्रण नाकारण्याच्या धड्यात होतं. त्याचे दोन तुकडे होतात, एक वाक्याच्या मध्ये येतो, दुसरा शेवटी जातो. बाई म्हणायच्या, शेवटचा तुकडा ऐकल्याशिवाय अर्थ लावू नका. इथे तो अखंड, एकाच जागी होता.

सीएसएमटीला डेक्कन क्वीन लागेपर्यंत मी बाकावर बसून राहिले. रडू आलं नाही. एवढंच डोक्यात होतं की घरी कुणाला आधी फोन करू. कर्जत मागे पडल्यावर आईला फोन केला. ती म्हणाली, “पितृपक्ष चालू आहे गं, आत्ता नकोच होतं काही. तू आधी जेवून घे.” तिने दुसरं काही विचारलं नाही याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

त्यानंतरचे चार दिवस मी फुकट घालवले, आणि हे मुद्दाम सांगतेय. श्टुटगार्टच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघा-तिघांनी सांगितलं, “रिमॉन्स्ट्रेशन कर, फी नसते, महिन्याच्या आत लेखी हरकत पाठवली की ते फेरविचार करतात.” त्यांच्या वेळी खरोखरच तसं होतं. मी पान-पान मजकूर लिहून काढला. मग कळलं की १ जुलै २०२५ पासून ही सोय जगभरातल्या सगळ्या जर्मन वकिलातींत बंद झाली आहे. आता नकारानंतर दोनच वाटा उरतात. पत्र मिळाल्यापासून महिन्याभरात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, नाहीतर नव्याने अर्ज. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात न्यायालयाचं नाव आणि मुदत छापलेली होती. मी तो परिच्छेद वाचलाच नव्हता. ‘आबगेलेन्ट’च्या पुढे माझं वाचन गेलंच नव्हतं.

शनिवारी कराडला गेले. अप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी पत्र हातात घेतलं, जर्मन त्यांना येत नाही, पण वर आवक-जावक क्रमांक कुठे आहे, तारीख कुठे आहे हे बोटाने शोधलं. मग म्हणाले, “नाकारलं हे कळलं. आता त्रुटी काय काढलीय ती वाच. एकेक वाक्य वाचून मराठीत सांग.”

मी वाचत गेले. पत्रात दोन गोष्टी होत्या. रोजगार कार्यालयाने संमती दिलेली नाही, कारण खात्रीचा पगार अटीच्या आकड्यापेक्षा कमी दिसतो. आणि याबाबत कंपनीकडे विचारणा केली असता मुदतीत उत्तर आलं नाही.

“किती पगार लिहिलाय त्यांनी?” अप्पांनी विचारलं. मी लॅपटॉपवर तो कंपनीचा फॉर्म उघडला. मासिक पगाराच्या चौकटीत ३,४२०. अप्पांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने गुणाकार केला. ३,४२० गुणिले १२. उत्तर ४१,०४०. त्याखाली ४३,७५९.८० लिहून वजाबाकी केली आणि २,७१९.८० भोवती गोल काढला. “हे कुठे गेले?”

ते तेराव्या पगारात होते. ३,४२० गुणिले १३ केलं की माझे ४४,४६० होत होते. तिकडे वर्षअखेरीला आणखी एक पगार देतात. पण करारात त्या कलमापुढे तो ‘ऐच्छिक’ असल्याचं लिहिलं होतं, म्हणजे कंपनीने ठरवलं तर मिळणार. अटीसाठी फक्त खात्रीचे पैसे धरतात, मर्जीवरचे नाहीत. मी करार तीनदा वाचला होता, त्या शब्दावरून तीनदा पुढे गेले होते. नकार नियमाला धरून होता. हे पटलं आणि विचित्र वाटेल, पण मला त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोप लागली. माझी पदवी, माझा अनुभव, माझं जर्मन, यातल्या कशालाच कुणी कमी म्हटलं नव्हतं. एका चौकटीतला आकडा कमी होता.

मंगळवारी, १६ सप्टेंबरला, कंपनीच्या एचआर बाईंशी व्हिडिओ कॉल झाला. रोजगार कार्यालयाची विचारणा कंपनीच्या सामाईक मेलवर सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात येऊन पडली होती आणि बाकीच्या शेकडो मेलांखाली गेली होती. त्यांचा आवाज पडला होता. मला भीती होती की आता म्हणतील, सोडून देऊ या. त्या म्हणाल्या, जागा डिसेंबरअखेरपर्यंत तुमच्यासाठी ठेवतो, काय करायचं ते सांगा. अशा वेळी “काय करायचं ते सांगा” याला आपल्याकडे तयार उत्तर हवं. म्हणून कॉलच्या आधी कंपनीने करायच्या गोष्टी एका कागदावर लिहून ठेवा.

इकडे चाकणला साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तो दहा मिनिटांचा प्रसंग या सगळ्यात मला सर्वांत जड गेला. निरोपाच्या केकची वर्गणीसुद्धा निघाली होती. साहेबांनी ऐकून घेतलं, म्हणाले जागा भरली आहे, पण डिसेंबरपर्यंत कंत्राटावर राहा, ऑडिटचं काम आहे. पगार थोडा कमी, पण घरभाडं सुटलं. तिकीट रद्द केलं त्यात सोळा हजार गेले. व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका आणि तिकीट काढू नका. कंपनीने घाई केली तर रुजू व्हायची तारीख पुढे ढकलून मागा, ती मिळते.

मग न्यायालय की नवा अर्ज? पहिल्या पायरीवर बर्लिनच्या न्यायालयात वकील सक्तीचा नाही, पण कामकाज जर्मनमध्ये चालतं आणि वेळ लागतो. निर्णय चुकीचा असेल तर ती वाट आहे. माझ्या बाबतीत कागद चुकीचा होता, निर्णय नाही, म्हणून दुरुस्त कागदांनी नवा अर्ज हेच सरळ होतं. नव्या अर्जासाठी थांबावं लागत नाही, फी मात्र पुन्हा भरावी लागते. मधल्या काळात एका एजंटाने दीड लाखांत “आतून काम करून देतो” म्हणून फोन केला. असं काही आतून होत नाही. त्याला नाही म्हणायला मला दोन दिवस लागले, कारण माणूस त्या अवस्थेत कशावरही विश्वास ठेवायला तयार असतो.

आणखी एक पेच होता. पगाराची अट दर १ जानेवारीला बदलते. २०२६ साठी टंचाईच्या पेशांचा आकडा ४५,९३४.२० युरो होणार होता. म्हणजे तेरावा पगार पक्का करून घेतला असता आणि अर्ज जानेवारीत गेला असता, तरी पुन्हा नकारच. पगाराची ठरावीक अट नसलेला कुशल कामगाराचा साधा परवाना हाही एक मार्ग होता, पंचेचाळिशीच्या आतल्यांना तो सोपा पडतो, तरी तिथल्या स्थानिक पगाराशी तुलना होतेच. मी ब्लू कार्डवर ठाम राहिले आणि एचआर बाईंना स्पष्ट लिहिलं: तेरावा पगार काढून टाका, बारा महिन्यांत वाटून द्या, आणि वर्षाचा आकडा पुढच्या वर्षीच्या अटीच्याही वर ठेवा. पगाराबद्दल इतकं थेट मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. मेल पाठवायच्या आधी अर्धा तास नुसती बघत बसले. दोन दिवसांनी उत्तर आलं, महिना ३,८५०, बारा महिने, वर्षाचे ४६,२००.

१५ ऑक्टोबरला नवा करार आणि नवा फॉर्म आला. यावेळी मी दोन्ही शेजारी ठेवून, पट्टी लावून, ओळ ओळ ताडून बघितली. पद दोन्हीकडे एकच हवं, तास एकच, सुरुवातीची तारीख एकच, पगार एकच. आठवड्याचे तास एका ठिकाणी ३८ आणि दुसऱ्या ठिकाणी ४० निघाले! ते दुरुस्त करून घेतलं.

कंपनीने यावेळी जलदगती प्रक्रिया वापरली. त्यात सुरुवातीचा अर्ज आपण नाही, आपलं मुखत्यारपत्र घेऊन कंपनी तिकडच्या परकीय नागरिक कार्यालयात करते. फी ४११ युरो, ती कंपनीने भरली. रोजगार कार्यालयाची संमती वगैरे सगळं ते कार्यालय आधीच मिळवतं आणि पूर्वसंमतीचं पत्र देतं. ते मिळालं की वकिलातीने तीन आठवड्यांच्या आत भेटीची तारीख द्यायची असते आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर साधारण तीन आठवड्यांत निर्णय. पहिल्याच वेळी हे माहीत असतं तर बरं झालं असतं. लहान कंपन्यांना ही सोय ठाऊक नसते, आपण विचारावं. फी भरल्याची पावती एचआर बाईंनी मेल केली तो लक्ष्मीपूजनाचा दिवस होता, २१ ऑक्टोबर. आईने तिची प्रिंट काढायला लावली आणि चोपडीशेजारी पूजेत ठेवली.

२४ नोव्हेंबरला पूर्वसंमती आली. ९ डिसेंबरची भेट मिळाली. यावेळच्या फॉर्ममध्ये एका प्रश्नाने मला अडवलं: जर्मनीतून कधी हद्दपार झाला आहात का, तुमचा वास्तव्याचा अर्ज कधी नाकारला गेला आहे का, तुम्हाला प्रवेश नाकारला गेला आहे का. हद्दपार आणि मी एकाच ओळीत. पण उत्तर ‘होय’ हेच आहे आणि तेच लिहायचं. त्यांच्याकडे नोंद असतेच. लपवलं तर चुकीची माहिती दिली हे नवं आणि मोठं कारण त्यांच्या हाती जातं.

सोबत एक पानाचं पत्र जोडलं. त्याचा नमुना अप्पांचा. खात्यात त्रुटीपूर्तता करतात तसा दोन रकान्यांचा तक्ता. डावीकडे पहिल्या पत्रातलं कारण, उजवीकडे काय बदललं आणि ते कोणत्या कागदाच्या कोणत्या पानावर आहे. वर जुन्या अर्जाचा क्रमांक आणि नकाराची तारीख. विनवणी नाही, कैफियत नाही. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, “मागच्या वेळी काय झालं होतं?” मी त्या पानावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं, टिक केली आणि पुढचा कागद मागितला. फी पुन्हा ७५ युरो, रुपया घसरल्यामुळे मागच्यापेक्षा थोडी जास्त बसली.

त्यानंतरचे तीन आठवडे काही वेगळे गेले नाहीत. दर अर्ध्या तासाने मोबाइल बघणं, कुणी “काय झालं गं” विचारलं की विषय बदलणं. यावेळी मी कुणालाच तारीख सांगितली नव्हती, आई-अप्पांशिवाय. ज्यांना सांगाल तितक्यांना नंतर उत्तर द्यावं लागतं. लग्नाच्या वयापासून ते बँकेच्या खात्यापर्यंत सगळ्याचा संबंध लोक व्हिसाशी जोडतात. मनाला जपायचं असेल तर मोजक्याच माणसांना आत घ्या.

३० डिसेंबरला पासपोर्ट मिळाला. लिफाफ्यात पत्र नव्हतं. चिकटवलेलं पान होतं, त्यावर माझा फोटो.

१८ जानेवारी २०२६ ला इथे जर्मनीत पोहोचले. गणपतीत भरलेल्या पिशव्यांतलं मेतकूट एव्हाना जुनं झालं होतं म्हणून आईने नवं दळून दिलं, पण पिशव्या त्याच, स्केचपेनची अक्षरं थोडी पुसलेली. १ फेब्रुवारीपासून करार सुरू झाला, महिनाअखेरीला पहिली पगारचिठ्ठी मिळाली. तिचा फोटो काढून अप्पांना पाठवला. त्यांनी वरची एकूण पगाराची ओळ मोठी करून बघितली असावी, कारण पाच मिनिटांनी उलट फोटो आला. तेच कॅलेंडरमागचं पान, जुना गुणाकार, गोल केलेली वजाबाकी, आणि त्याखाली ताज्या पेन्सिलने: ३,८५० गुणिले १२, बरोबर ४६,२००. पुढे बरोबरची खूण.